बरं असल्याचं सोंग

रोवणी आटोपली, बांध्या हिरव्या झाल्या. आता घडीभर बसून ऐकायला तुम्हालाही फुरसत मिळाली असेल. आज बचतीबद्दल किंवा कर्जाबद्दल बोलणार नाही. आज सोंगाबद्दल बोलणार आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात सावली तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एकीने मोबाइल पुढे केला. त्यात एका अनोळखी मुलीची रील होती. डोळ्यांत पाणी, मागे दुःखाचं गाणं, आणि खाली लिहिलेलं, ‘मला डिप्रेशन आहे.’ दुसऱ्या रीलमध्ये तीच मुलगी नवा ड्रेस घालून नाचत होती. बाया हसल्या. एक म्हणाली, “आजकालच्या पोरींचे नाटकं आहेत सारे.” कोपऱ्यात बसलेली म्हातारी आजी म्हणाली, “सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.” मग सगळ्याच हसल्या. मीही हसले.

घरी येताना मात्र एक जुनी आठवण मनात टोचत राहिली. ती शेवटी सांगते. आधी इतिहासात जाऊ. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. हप्त्यांच्या हिशेबात तो कधी उपयोगाला आला नाही, पण या प्रश्नाला आला. आजाराचं, वेडाचं सोंग माणसं मोबाइल आल्यावरच करू लागली का? आणि एखादीला ‘नाटक करते’ म्हटलं की तिचं पुढे काय होतं?

आपल्या झाडीपट्टीत सोंग हा शब्द वाईट नाही. दंडारीत सोंग येतं, खडी गंमतीत पुरुष बाईचं सोंग घेतो. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकात वेड्याचं काम करणाऱ्याला टाळ्या पडतात. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की हे सोंग आहे.

इतिहासातही काही सोंगं आपण कौतुकाने सांगतो. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यात औरंगजेबाच्या कैदेत होते. त्यांनी आजारपणाचं सोंग घेतलं, मिठाईचे पेटारे बाहेर पाठवायला सुरुवात केली आणि ऑगस्ट महिन्यात पहारा चुकवून निसटले. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हे तर तुम्ही रोज बोलता. पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यात, भीमेच्या काठी आहे. तिथल्या किल्ल्यात मोगलांचा सरदार बहादुरखान राहायचा. लोक अशी कथा सांगतात, की मराठ्यांची एक छोटी तुकडी किल्ल्यासमोर आली आणि घाबरल्याचं दाखवून पळत सुटली. खान फौज घेऊन तिच्या मागे धावला, तेवढ्यात दुसऱ्या मोठ्या तुकडीने त्याची छावणी लुटली. म्हणीचा उगम कुठलाही असो, तिचा अर्थ पक्का आहे. कळत असून न कळल्याचं दाखवायचं आणि आपलं काम साधून घ्यायचं. ज्याच्या हातात बळ कमी, त्याला सोंगाचा आधार घ्यावा लागतो, हे आपल्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं. १८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि आपला चांदा भागही त्यांच्याकडे गेला. १८५८ साली त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. १८६० साली दंडसंहिता आली. तिच्या ८४व्या कलमात असं होतं, की गुन्हा करताना वेडामुळे माणसाला आपण काय करतो हे कळत नसेल, तर त्याला शिक्षा नाही. २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हे कलम २२व्या क्रमांकावर आहेच. १८६४ साली नागपूरला वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. आपल्याकडे अजून ‘पागलखाना’ म्हणतात ते हेच. आज ते शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

आता बघा, वेडा ठरला तर फाशी टळते, असं झाल्यावर काही आरोपी वेडाचं सोंग घेणार, हे उघड आहे. म्हणून ते ओळखायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांपुढे आला. डॉ. जयसिंग मोदी यांनी १९२० साली न्यायवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. देशातले डॉक्टर आणि वकील तो पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले. खरं वेड आणि सोंग यांतला फरक त्यात दिला आहे. सोंग एकदम सुरू होतं, त्यामागे काहीतरी फायदा असतो. कोणी बघत असलं की ते वाढतं, कोणी नसलं की कमी होतं. झोपेचं मात्र सोंगाड्याला जमत नाही. खरा रोगी रात्रीमागून रात्री जागा राहतो, सोंग करणारा दोन-तीन रात्रींत थकून झोपतो. म्हणून डॉक्टर घाई करत नसत. माणसाला काही दिवस ठेवून घेत, रात्रंदिवस लक्ष ठेवत, आणि मग मत देत. शिकलेल्या डॉक्टरला इतके दिवस लागत होते. आपण ओट्यावर बसून एका मिनिटात निकाल देतो.

डॉक्टरही चुकतात बरं का. याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती एका बाईची आहे. ज्या १८६४ साली नागपूरचं इस्पितळ उघडलं, त्याच साली ती जन्मली. खरं नाव एलिझाबेथ कॉक्रन, पण वर्तमानपत्रात नेली ब्लाय या नावाने लिहायची. न्यू यॉर्क शहराजवळच्या एका बेटावर वेड्या बायांचं इस्पितळ होतं. आत काय चालतं हे बाहेर कळत नव्हतं. १८८७ साली, २३ वर्षांच्या नेलीने आत जायचं ठरवलं. बायांच्या एका वसतिगृहात खोली घेतली, रात्रभर जागी राहिली, भिंतीकडे टक लावून बसली, वेडंवाकडं बोलली. पोलीस आले, न्यायाधीशासमोर नेलं, डॉक्टरांनी तपासलं आणि वेडी ठरवून बेटावर पाठवलं.

तिथे पोहोचल्याबरोबर तिने सोंग टाकून दिलं. नेहमीसारखं वागू-बोलू लागली. पण आता कोणी मानेना. जितकी शहाण्यासारखी बोले, तितकी ती वेडी ठरे. बर्फासारख्या पाण्याच्या आंघोळी, खराब अन्न आणि मारहाण तिने डोळ्यांनी पाहिली. तिला तिथे अशाही बाया भेटल्या, ज्यांना कसलंच वेड नव्हतं. परदेशातून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या. आपलं म्हणणं सांगता आलं नाही म्हणून त्या आत राहिल्या होत्या. गोंडी किंवा माडिया बोलणारी आपली बाई मोठ्या दवाखान्यात एकटी उभी राहते तेव्हा तिची काय गत होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दहा दिवसांनी वर्तमानपत्राने नेलीला सोडवलं. तिने सगळं छापलं, चौकशी बसली, आणि त्या इस्पितळांसाठी सरकारला जास्त पैसा द्यावा लागला. हे सोंग खरं बाहेर काढण्यासाठी होतं.

आता याची उलटी गोष्ट ऐका. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. आपल्या देशातले दहा लाखांहून अधिक माणसं त्यात गेली. खंदकात बसलेल्या सैनिकांवर दिवस-रात्र तोफगोळे पडत. काहींच्या अंगावर जखम नसे, पण हातपाय थरथरत, वाचा जाई, झोप उडे. १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी याबद्दल लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पण पुष्कळ अधिकाऱ्यांचं मत ठरलेलं होतं. हा भित्रा आहे, लढाई टाळायला नाटक करतो. पळून जाणं, भित्रेपणा असे आरोप ठेवून ब्रिटिश फौजेने त्या युद्धात आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांच्यातले काही जण या धक्क्याने खरोखर आजारी होते. २००६ साली ब्रिटिश सरकारने त्या सगळ्यांना माफी दिली. तोवर नव्वद वर्षं झाली होती. त्यांच्या बायका, आया ‘भित्र्याची बायको, भित्र्याची माय’ म्हणवून घेत मरून गेल्या होत्या.

‘नाटक करतो’ हा शब्द जीव घेतो, तो असा.

तुम्ही म्हणाल, ताई, युद्धाचं राहू द्या, आजच्या मोबाइलचं सांगा. सांगते. पण त्याआधी आपल्या देवळासमोर थोडं थांबू. नवरात्रात एकीच्या अंगात येतं, केस सुटतात, ती घुमू लागते. थोड्या वेळाने दुसरी घुमते, मग तिसरी. या सगळ्या सोंग करतात का? काही करत असतील. अंगात आल्याचं सांगून लोकांना भीती दाखवणं किंवा भूत काढतो म्हणून कोणाला बांधणं-मारणं, हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, आणि त्यांचा खून झाल्यावर तो झाला. पण घुमणाऱ्या पुष्कळ बाया खोटं करत नसतात. वर्षभर ज्या घरात तोंड उघडायची सोय नाही, तिथलं सारं दबलेलं त्या दिवशी अंगातून बाहेर पडतं. तिने ते ठरवून केलेलं नसतं, आणि ती देवीही नसते.

म्हणजे खरं आणि खोटं याच्या मध्ये तिसरंही काही असतं. ते जर्मनीतल्या डॉक्टरांनाही दिसलं. तिथे एका तरुणाला टुरेट नावाचा आजार होता. त्यात मान झटकते, तोंडातून नको ते शब्द आपोआप निघतात. तो आपले व्हिडिओ टाकायचा, लाखो पोरं ते बघायची. मग हॅनोव्हर शहरातल्या डॉक्टरांकडे मुलं-मुली येऊ लागल्या. तशीच मान झटकणं, आणि तोंडात त्या व्हिडिओतलेच शब्द! २०२१ साली डॉक्टरांनी यावर लिहिलं. या मुलांना टुरेट नव्हता, पण ती ठरवून नाटकही करत नव्हती. मनावरचा ताण त्यांच्या अंगात व्हिडिओचं रूप घेऊन आला होता. एक घुमली की दुसरी घुमते, तसंच हे. ‘तुला टुरेट नाही, हा ताणाचा त्रास आहे, बरा होतो’ असं नीट समजावल्यावर काहींचा त्रास थांबलासुद्धा. त्यांना कोणी खोटं म्हटलं नाही, म्हणून ते झालं.

आणि खरोखर ठरवून सोंग करणारे? तेही आहेत. १९५१ साली इंग्लंडच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी अशा माणसांबद्दल लिहिलं, जी खोटी दुखणी सांगत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतात. त्यांनी त्याला मुनचाउसेन असं नाव दिलं. हा जुन्या काळातल्या एका थापाड्या सरदाराचा नावाचा वापर. २००० साली अमेरिकेतल्या मार्क फेल्डमन या डॉक्टरांनी दाखवलं, की हे आता इंटरनेटवर होऊ लागलं आहे. तिथे दवाखान्यात जावंच लागत नाही. लिहिलं की झालं, शेकडो लोक काळजीने विचारतात. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२४ला अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली अशी बातमी तिच्याच खात्यावरून आली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. ज्या घरातली बाई त्याच रोगाने गेली, त्या घराला काय वाटलं असेल? अशा सोंगाचं नुकसान सोंग करणाऱ्याला होत नाही. पुढच्या वेळी खरी आजारी बाई बोलते तेव्हा लोक तिच्याकडे संशयाने बघतात. बिल तिच्या नावावर फाटतं.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या बायांनी विसरू नये. स्वतः वेडाचं सोंग घेणं वेगळं आणि दुसरीला वेडी ठरवणं वेगळं. नवऱ्याला दुसरी करायची आहे, जमिनीतला वाटा द्यायचा नाही, तर ‘ही पागल आहे’ म्हटलं की काम झालं. बऱ्या झाल्यावरही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून देशभर हजारो माणसं मनोरुग्णालयांत पडून आहेत, हा प्रश्न २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्याच साली मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा झाला. एखाद्याचं वागणं समाजाच्या रीतीत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आता आपला हक्क आहे.

आता ती जुनी आठवण.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका गटात एक बाई होती. कामाला वाघीण, हप्ता कधी चुकला नाही. एका उन्हाळ्यात ती आणि तिची जाऊ पहाटे मोहफूल वेचायला गेल्या. वाघाने जावेला नेलं, हिच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर ही घराबाहेर पडेना. सरपणाला नाही, रोवणीला नाही, बैठकीला नाही. भांडं पडलं तरी दचकायची. रात्री बसून राहायची. सुरुवातीला लोकांनी सांभाळून घेतलं. तीन महिने झाले तसं बोलू लागले. “जाऊ गेली, हिले काय झाला?” “काम नको म्हणून नाटक करते.” कोणी म्हणालं, भरपाईच्या पैशावर डोळा आहे.

मी शिकलेली. मी काय केलं? वहीत लिहिलं, ‘गैरहजर. कारण : टाळाटाळ. दंड १० रुपये.’ सलग चार महिने लिहिलं. ते पान अजून आहे, अक्षर माझंच आहे.

पुढे तिच्या भावाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जिवावरचा प्रसंग पाहिल्यावर असं होतं, हा आजार आहे. गोळ्या दिल्या, बोलत राहिले. वर्ष लागलं. आज ती गटात येते. एकदा मी धीर करून माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, वाघ मले एकदाच दिसला. पण ‘खोटी’ हे रोज ऐकावं लागे. मग मीच बरी असल्याचं दाखवू लागली. हसून बोलायची अन् घरात जाऊन रडायची.”

मैत्रिणींनो, तिचं हे शेवटचं वाक्य मी विसरत नाही. मग मी आकडे बघितले. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. दर शंभर मोठ्या माणसांमागे दहाहून थोड्या जास्त माणसांना कसला तरी मनाचा आजार होता. आणि आजारानुसार बघितलं, तर त्यांच्यातल्या शंभरपैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नव्हते. आपल्या बारा बायांच्या गटाला हा हिशेब लावून बघा. एखादी तरी असेल. ती रील टाकत नाही. ती वेळेवर हप्ता भरते, ‘कशी आहेस’ म्हटलं की ‘बरी आहे’ म्हणते. आपल्या गावात सगळ्यांत जास्त चालणारं सोंग आजाराचं नाही, बरं असल्याचं आहे. ते सोंग तिला आपणच घ्यायला लावतो, कारण खरं सांगितलं तर आपण तिला नाटकी म्हणू, ही तिला भीती आहे.

म्हणून माझं मागणं थोडंच आहे. खरं की खोटं, हे ठरवायचं काम डॉक्टरचं आहे. ते आपण घेऊ नये. आपण इतकंच विचारायचं : झोप लागते का? जेवण जातं का? कधीपासून असं वाटतं? कोणी मारतं-बोलतं का? मरावंसं वाटतं असं ती म्हणाली, तर हसण्यावारी न्यायचं नाही आणि तिला एकटं सोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि तुमची पोरगी मोबाइलवर ‘मला डिप्रेशन आहे’ असं टाकत असेल, तर मोबाइल हिसकावून घेण्याआधी तिच्याजवळ बसा. गंमत म्हणून करत असेल, तर तुमच्या त्या वाघ पाहिलेल्या मैत्रिणीची गोष्ट तिला सांगा, म्हणजे अशी गंमत कोणाला लागते हे तिला कळेल. खरं असेल, तर तुम्ही वेळेवर पोहोचलात असं समजा.

त्या दिवशी बैठकीत आजीने पैशाच्या सोंगाची म्हण सांगितली. आपल्याकडे आणखी एक म्हण आहे. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. माझ्या गटातली ती बाई रात्र-रात्र जागी होती, आणि मी आणि आख्खं गाव झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

आता माझ्या वहीत ‘टाळाटाळ’ हा शब्द नसतो. कोणी दोन बैठकांना आली नाही, तर मी लिहिते, ‘घरी जाऊन भेटायचं.’ आणि जाते. येते मैत्रिणींनो, नमस्कार.